कोरडी पेटी आणि भरलेली पेटी

सोलापूर जिल्ह्यात ‘सबमर्सिबल’ हा शब्द उच्चारला असता ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे समुद्र उभा राहत नाही. उभी राहते ती बोअरमध्ये पाइपाच्या टोकाला लोंबणारी, सारे आयुष्य अंधारात आणि पाण्यात काढणारी, आणि उसाला वा डाळिंबाला पाण्याची नेमकी निकड असेल त्याच आठवड्यात जळणारी लांबोडकी मोटार. जगात इतरत्र याच शब्दाने माणसांना पोटात घेऊन पाण्याखाली जाणारी छोटी नौका ओळखली जाते, हे मला ऐकून ठाऊक होते. परंतु या दोन अर्थांमध्ये काही रक्तसंबंध असेल, अशी शंका त्या मे महिन्यातील दुपारपर्यंत मला कधी शिवली नव्हती.

आमच्या वसाहतीच्या बोअरची मोटार जळाल्यामुळे अक्कलकोट रस्त्याकडील एका रिवाइंडिंगच्या दुकानात मी बाकावर बसून होतो. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, तिच्यात एक जुने लेथ, भिंतीला लटकावलेली तांब्याच्या तारेची वेटोळी आणि जमिनीवर ओळीने निजवलेल्या, आपापल्या पाळीची वाट पाहणाऱ्या मोटारी. साठीच्या घरातले मिस्त्री एका स्टेटरच्या बंद खाचांतून प्लास्टिकचे वेष्टण असलेली तार एका टोकाने सुईत दोरा ओवावा तशी ओवीत होते, आणि पलीकडे बसलेला पोऱ्या ती हलक्या हाताने ओढून घेत होता. वेष्टणाला नखाएवढा ओरखडा उठला तरी सगळी मेहनत पाण्यात जाते, आणि येथे ही म्हण अक्षरशः खरी ठरते. अशा वेळी भौतिकशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक, ज्यांना सारे शहर ‘सर’ म्हणूनच ओळखते, आपल्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या भाच्याला घेऊन आत आले. भाच्याच्या काखेत कागदाची गुंडाळी होती. ती बाकावर उलगडली तेव्हा तीत एका माणसाने बसून चालवावयाच्या पाणबुडीचा आराखडा होता; उजनी धरणाच्या फुगवट्यात दहा मीटर खोल जाण्याचा त्या मुलाचा मनसुबा होता, आणि त्यासाठी बॅटऱ्या ठेवण्याच्या दोन पेट्या लेथवर कातून व वेल्डिंग करून हव्या होत्या.

मिस्त्री हसले नाहीत, याची मी नोंद केली. त्यांनी तार ओवणे थांबवले, हात चिंधीला पुसले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: “बॅटरी बाहेर कशाला ठेवलीय बाळा? माणूस बसतो तिथंच शेजारी ठेव की. कोरडी ऱ्हाईल.”

उत्तर सरांनी दिले, आणि वर्गाची सवय सुटलेली नसल्यामुळे सविस्तर दिले. “मिस्त्री, शिशाची बॅटरी चार्ज होत असताना, विशेषतः चार्जिंग भरत आल्यावर, तिच्यातल्या पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे वायू बाहेर पडतात. हवेत हायड्रोजनचे प्रमाण शेकडा चार झाले की एका ठिणगीने भडका उडू शकतो. मोकळ्या खोलीत हा वायू उडून जातो; परंतु माणूस ज्या डब्यात श्वास घेत बसला आहे तो डबा हवाबंद असतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्याचा आणि बॅटरीतल्या आम्लाचा संयोग झाला तर क्लोरीन तयार होतो, आणि पाणबुड्यांच्या इतिहासात तो वायू कुप्रसिद्ध आहे. उजनीचे पाणी गोडे असल्याने तेवढी भीती येथे नाही. तथापि हायड्रोजन गोड्या-खाऱ्याचा भेद करीत नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये विशाखापट्टणमला आपल्या नौदलाच्या ‘सिंधुरक्षक’वर बॅटरीच्या सदोष झडपेतून निसटलेल्या हायड्रोजनने पेट घेतला आणि एका नौसैनिकाचा प्राण गेला.”

“मग नेव्हीवाले आत ठेवतातच ना?”

“ठेवतात, कारण त्यांना गत्यंतर नाही. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली आणि डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात रुजू झालेली ‘कलवरी’ घ्या. तिच्यात प्रत्येकी सुमारे साडेसातशे किलो वजनाचे ३६० सेल आहेत. म्हणजे केवळ बॅटरीच २७० टनांची. एवढा पसारा बाहेर टांगता येत नाही. शिवाय तेथे वायू खेचून घेणारे पंखे आहेत, हायड्रोजनचे प्रमाण अहोरात्र मोजणारी यंत्रे आहेत आणि त्या यंत्रांवर नजर ठेवणारी प्रशिक्षित माणसे आहेत. याच्या बोटीत याच्यावाचून दुसरे कोणी बसूच शकत नाही. घरगुती पाणबुड्यांचे जगातले जाणते कारागीर म्हणून बॅटरी बाहेर ठेवतात. अमेरिकन नौदलातून निवृत्त झालेले कॅप्टन जॉर्ज किट्रिज यांनी ‘के-३५०’ नावाच्या छोट्या पाणबुडीचे आराखडे हौशी लोकांना विकले. साडेतीनशे फूट खोलीवरून ते नाव पडले. तिच्यातही बॅटऱ्या बोटीच्या पोटाखाली वेगळ्या नळकांड्यांत असतात.”

येथपर्यंत दोघांचे एकमत होते, आणि मला वाटले की आता दराची बोलणी होऊन माझ्या मोटारीचा क्रमांक लागेल. परंतु मिस्त्रींनी आराखड्यातल्या पेटीवर बोट ठेवले. पेटी चौकोनी होती, साठ बाय चाळीस सेंटिमीटरची, वर सपाट झाकण, भोवती रबराचे गॅस्केट आणि दर आठ सेंटिमीटरवर एक नटबोल्ट.

“ही पेटी कोणी काढली?”

“मीच,” भाचा म्हणाला.

“आणि सरांनी पास केली?”

सर किंचित ओशाळले. मग त्यांनी खिशातून पेन काढून त्याच कागदाच्या कडेला हिशेब मांडला, आणि तो हिशेब येथे उतरून घेण्यासारखा आहे. कारण पाण्याच्या दाबाविषयी आपण सारे पाठ्यपुस्तकात वाचतो आणि परीक्षेनंतर विसरतो. दर दहा मीटर खोलीला चौरस सेंटिमीटरमागे साधारण एक किलो दाब वाढतो. झाकणाचे क्षेत्रफळ साठ गुणिले चाळीस म्हणजे २४०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे ज्या दहा मीटरना तो मुलगा ‘फक्त’ हे विशेषण लावीत होता, त्या दहा मीटरवर त्या सपाट पत्र्यावर २४०० किलोंचा भार पडणार होता. कारखान्याकडे निघालेली उसाने भरलेली बैलगाडी बैलांसकट झाकणावर उभी करावी, तसा. सपाट पत्रा एवढ्या भाराने मधोमध खाली वाकतो, तो वाकला की त्याच्या कडा उचलल्या जातात, आणि कडा उचलल्या गेल्या की गॅस्केट कितीही उंची असले तरी शोभेपुरतेच उरते.

“गोल करा,” मिस्त्री म्हणाले. “बोअरची मोटार कधी चौकोनी बघितलीय का ओ? नळी असली की पाणी चहूबाजूंनी सारखंच दाबतं. दाबून दाबून दमतं.”

चौकोनी पेटी अशा रीतीने निकालात निघाली. तिच्या जागी तीस सेंटिमीटर व्यासाचे, सत्तर सेंटिमीटर लांबीचे, चार मिलिमीटर जाडीच्या पोलादी पाइपाचे नळकांडे आणि दोन्ही टोकांना बारा मिलिमीटरच्या चकत्या आल्या. खरा वाद त्यानंतर सुरू झाला, आणि तो पेटीच्या आकाराविषयी नसून तिच्या स्वभावाविषयी होता.

सरांचा पक्ष सरळ होता, आणि कोणत्याही सुशिक्षित मनुष्याला प्रथमदर्शनी पटावा असा होता. विजेला आणि पाण्याला एकत्र येऊ द्यायचे नाही. पेटी आतून कोरडी राहिली पाहिजे. तिची भिंत बाहेरच्या दाबाला पुरून उरेल एवढी भक्कम असली पाहिजे. आणि जेथे जेथे ती उघडते तेथे ओ-रिंग बसवली पाहिजे. ओ-रिंगविषयी ते फार प्रेमाने बोलले. लेथवर कातलेल्या खाचेत ती बसवायची, खाच अशा मापाची ठेवायची की बोल्ट आवळल्यावर रिंग आपल्या जाडीच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकी चेपावी, आणि मग पाणी आत घुसण्याचा जितका प्रयत्न करील तितकी ती खाचेच्या आतल्या कडेवर रेटली जाऊन अधिकच घट्ट बसावी. शत्रूच्याच बळाने दरवाजा बंद होण्याची ही युक्ती त्यांना एखाद्या सुभाषितासारखी आवडत होती. “मात्र,” ते म्हणाले, “त्या खाचेत डोक्याचा एक केस आडवा राहिला तरी संपले. म्हणून बुडवण्याआधी पेटीतली हवा पंपाने थोडी खेचून घ्यायची आणि गेजचा काटा तासभर पाहत बसायचा. काटा हलला तर पेटी गळते आहे, हे पाण्यात उतरण्याच्या आतच कळते.”

मिस्त्रींचा पक्ष मला आधी विनोद वाटला. ते उठले, कोपऱ्यातली एक मोटार उभी केली, तिच्या तळाचे चार स्क्रू काढले आणि आतली रबराची वाटी आमच्या हातात दिली. “हा डायफ्रॅम. सर, आता सांगा, ही मोटार बोअरमध्ये सोडण्याआधी आम्ही हिच्यात काय भरतो?”

“पाणी,” सर म्हणाले, आणि पुढचे त्यांना त्याच क्षणी उमगले असावे, कारण ते एकदम गप्प झाले.

“पाणी! चांगलं स्वच्छ पाणी, तोंडापर्यंत, बुडबुडा ऱ्हायला नाही पायजे. चारशे ऐंशी फुटांवर ही मोटार उभी असती. पावसाळ्यात बोअर भरला की हिच्या डोक्यावर पाण्याचा किती मोठा खांब असंल बघा. हिची भिंत केवढी? ही एवढी. का चेपत नाही? कारण आत पण पाणीच हाय. बाहेरून पाण्यानं दाबलं की ही रबराची वाटी आत सरकती आणि आतलं पाणी तेवढ्याच जोरानं उलटं दाबतं. भांडण कोणाचं कोणाशी? दोघं एकाच घरातले. तुमची पेटी कोरडी ठेवायची म्हणता, माझी मोटार ओली ऱ्हायली तरच जगती. कोरडी ऱ्हायली की जळती.”

या ठिकाणी सरांच्या प्रामाणिकपणाविषयी एक वाक्य लिहिणे मला भाग आहे. वादात प्रतिपक्षाला पुरावा पुरवणारे वादपटू आजकाल विरळा. परंतु सरांनी मिस्त्रींच्या बाजूने दोन साक्षीदार आपणहून हजर केले. पहिला ‘त्रिएस्ते’. २३ जानेवारी १९६० रोजी जॅक पिकार आणि डॉन वॉल्श ज्या यानातून पॅसिफिक महासागराच्या सर्वांत खोल गर्तेत, जवळजवळ अकरा हजार मीटरवर उतरले, त्याचा वरचा प्रचंड तरंड पातळ पत्र्याचा होता आणि तो पेट्रोलने भरलेला होता. खालून त्यात समुद्राचे पाणी मुक्तपणे शिरू शकत असल्यामुळे आतला आणि बाहेरचा दाब सदैव समान राहत असे, आणि म्हणून जाड भिंतीची गरज केवळ माणसे बसलेल्या त्या एका गोळ्यालाच होती. दुसरा साक्षीदार ‘अॅल्विन’, १९६४ पासून काम करणारे अमेरिकन संशोधन-यान, ज्याच्या शिशाच्या बॅटऱ्या कित्येक वर्षे तेलाने भरलेल्या, बाहेरच्या दाबाशी बरोबरी राखणाऱ्या पेट्यांत असत.

“तेल!” मिस्त्री टाळी वाजवून म्हणाले. “आता बॅटरीला पाणी चालायचं नाही, हे मलाबी कळतंय, दोन्ही टर्मिनल पाण्यात आली की पाण्यातनंच करंट पळणार. आमच्या तारेला प्लास्टिकचा सदरा असतो, बॅटरीच्या टर्मिनलला नसतो. पण डीपीतलं तेल हाय की ओ! ट्रान्स्फॉर्मर आयुष्यभर त्यात पडून असतो. आम्ल तेलापेक्षा जड, ते खालीच बसतं. पेटी तेलानं भरा, वर एक रबरी पिशवी बसवा, आणि बोट दहा मीटर न्या नाहीतर शंभर मीटर न्या. पत्र्याच्या डब्यात भागतंय. कुठं बारा मिलिमीटरच्या चकत्या कातत बसताय?”

बॅटरीच्या आम्लाचे विशिष्ट गुरुत्व भरल्या अवस्थेत १.२८ च्या आसपास असते आणि त्या तेलाचे एकाहून कमी, तेव्हा मिस्त्रींचे म्हणणे पुस्तकाबरहुकूम बरोबर होते. परंतु सर आता सावरले होते. त्यांनी तीन हरकती घेतल्या, आणि त्यांतली पहिलीच मला सर्वांत वजनदार वाटली. बॅटरी वापरात असतानाही थोडा वायू सुटतच राहतो. तो तेलातून बुडबुड्यांच्या रूपाने वर जातो आणि झाकणाखाली साचतो. तेल दाबले जात नाही, वायू मात्र दाबला जातो. दहा मीटरवर त्या बुडबुड्याचे आकारमान निम्मे होणार. तेवढी पोकळी भरून काढण्याइतके तेल रबरी पिशवीत शिल्लक नसेल, तर पिशवी चिपाडासारखी चपटी होणार, आणि त्यापुढे पाण्याचा सगळा दाब त्या पातळ पत्र्यावर येणार. उलट वर येताना तोच वायू फुगणार, आणि त्याला बाहेर पडायला वाट नसेल तर पेटी आतून फाटणार. दुसरी हरकत पिशवीच्या रबराविषयी होती. “मिस्त्री, तुमचा डायफ्रॅम पाण्यात टिकतो. साध्या रबराची ट्यूब खनिज तेलात टाकून पाहा; फुगून बिलबिलीत होईल. नायट्राइल रबर लागेल.” आणि तिसरी हरकत त्यांनी थोडा आवाज चढवून मांडली: उजनीचे पाणी नळाने सोलापूर शहर पिते, त्या जलाशयात चाळीस लिटर तेलाची पेटी फुटण्याचा संभव जरी असला तरी पाटबंधारे खात्यापुढे परवान्याचा अर्ज घेऊन जाण्याचे तोंड आपल्याला उरणार नाही.

“वायूला शिट्टी बसवा की,” मिस्त्री म्हणाले. “कुकरला असती तशी. आतनं बाहेर जायला मोकळं, बाहेरनं आत यायला बंद.”

“ती शिट्टी माझ्या कोरड्या पेटीलाही लागेल,” सरांनी कबूल केले. “हायड्रोजन तिच्यातही साचणारच, आणि तेथे तर हवेला दूर ठेवायला तेलही नाही, केवळ हवाच हवा, म्हणजे भडक्याला लागणारे सगळे साहित्य. चार्जिंग करताना झाकण उघडे ठेवायचे, बंद करण्यापूर्वी पंख्याने हवा खेळवायची, आणि झडप कधीही विसरायची नाही.”

भाच्याने या ठिकाणी, विजेच्या स्कूटरमध्ये येतात तशा लिथियमच्या बॅटऱ्या वापरल्या तर वायूचा प्रश्नच मिटेल, असे सुचवले. सुचवणे वाजवी होते, कारण त्या हलक्याही असतात. परंतु दोघाही वडीलधाऱ्यांनी, आयुष्यात प्रथमच बहुधा, एका सुरात नकार दिला: त्या बॅटरीने एकदा पेट घेतला की ती स्वतःच्या उष्णतेने पेटत जाते, आणि अशा वेळी हवाबंद पोलादी नळकांडे म्हणजे तोफच होय. पहिल्या पेटीत तरी शिसेच राहू दे, असे ठरले.

चहा आला. चहाबरोबर वादाला निराळे वळण लागले, आणि ते लावले सरांनीच. त्यांच्या मते मूळ प्रश्न कोरड्या-भरलेल्या पेटीचा नसून माणसाने त्या बोटीत बसावे की नाही, हा होता. २०२३ च्या जूनमध्ये ‘टायटन’ हे खासगी यान, ज्याची रीतसर तपासणी कोणत्याही मान्यताप्राप्त संस्थेकडून करवून घेतलेली नव्हती, टायटॅनिकच्या अवशेषांकडे जाताना चेंगरून पाच माणसे क्षणार्धात गेली. इतके दूर तरी कशाला जावे? २०२४ च्या मे महिन्यात खुद्द उजनीच्या फुगवट्यात, करमाळ्याकडील कुगावहून इंदापूरकडील कळाशीस जाणारी साधी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. ती होडी तर पाण्याच्या वर तरंगत होती. “ज्या पाण्यावर वारा असा उलटतो,” सर म्हणाले, “त्या पाण्याच्या खाली आपला मुलगा घरगुती पेटीच्या भरवशावर पाठवायचा?”

मिस्त्री बराच वेळ बशीत चहा ओतून फुंकीत राहिले. मग म्हणाले, “सर, भीती खरी हाय. पण आपल्या सोलापुरात एक शेठ झाले ना, जहाजं बांधणारे?”

“वालचंद हिराचंद. जन्म १८८२, येथलाच.”

“त्यांना कोणी सांगितलं नसंल का, की बाबा, सोलापूरला समुद्र कुठाय?”

सांगितले असेलच. ज्या शहरात सिद्धेश्वराचे तळे हाच सर्वांत ओळखीचा जलाशय, त्या शहरातल्या मनुष्याने सिंदिया कंपनी उभी केली, विशाखापट्टणमला गोदी काढली, आणि १९४८ च्या मार्चमध्ये तेथून ‘जल-उषा’ हे जहाज पंतप्रधानांच्या हस्ते पाण्यात उतरले. तथापि माझ्या मते मिस्त्रींचा दाखला येथे लागू पडत नव्हता. शेठजींनी जहाजे बांधवून घेतली, ती त्या विद्येत मुरलेल्या माणसांकडून आणि तपासणीच्या सर्व दस्तऐवजांसह. महत्त्वाकांक्षा आणि बेपर्वाई यांच्या सीमारेषेवर इतिहासातली मोठी नावे उभी करणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. मी हे बोलून दाखवले नाही, कारण माझी मोटार अद्याप त्यांच्याच ताब्यात होती.

परंतु मिस्त्रींनी त्याच दमात जी अट घातली ती दाखल्यापेक्षा शहाणपणाची होती. “माणूस नंतर. आधी पेटी. रिकामी पेटी. बॅटरीबी नाही. आमच्यात मोटार वाइंडिंग झाली की पाण्याच्या टाकीत बुडवून मेगर लावतो, करंट गळतोय का बघतो, तेव्हाच शेतकऱ्याच्या हवाली करतो. ही पेटी पाण्यात रात्रभर ठेवा, वर काढा, उघडा, बघा. दहा वेळा. अकराव्या वेळेला मग बोलू.”

त्यावर सरांनी हात पुढे केला.

उन्हाळ्यात विहिरींना तळ लागलेला असल्याने परीक्षा परतीच्या पावसापर्यंत लांबली. आश्विनात, मोहोळच्या अलीकडे एका परिचिताच्या मळ्यातल्या विहिरीत चाळीस फूट पाणी चढल्याचे कळले आणि आम्ही चौघे, मी केवळ कुतूहलापोटी, टेम्पोत पेटी घालून गेलो. मिस्त्रींची तेलाची पेटी अजून तयार नव्हती. त्यांच्या फळीवर काचेच्या बाटलीत तेलात बुडवून ठेवलेला ट्यूबचा एक तुकडा मात्र मी निघताना पाहिला होता; तो दीडपट जाड झाला होता, आणि त्यांनी तो माझ्याकडे पाहून हळूच फडक्याखाली सरकवला होता. तेव्हा पहिली पाळी सरांच्या कोरड्या पेटीची होती.

पेटीच्या पोटात सरांनी पांढरा टीपकागद अंथरला आणि त्यावर चिमटीने कपड्यांना घालायच्या निळीची पूड भुरभुरली. एक थेंब जरी आत आला तरी त्याची वाट निळ्या रेघेने उमटणार होती. शेजारी त्यांनी सिलिका जेलची पुरचुंडी ठेवली. डीपीच्या ब्रीदरमध्ये जे निळे दाणे दमटपणाने गुलाबी होतात, तेच. झाकणाची खाच त्यांनी स्वतः पुसली, ओ-रिंगला बोटाने ग्रीस फासले, आणि चष्मा काढून, तिच्यावर जवळजवळ नाक टेकवून, सबंध वर्तुळ तपासले. बोल्ट समोरासमोरचे जोडीने आवळले. पंपाने हवा खेचून गेज लावले. बाभळीच्या सावलीत आम्ही तासभर त्या काट्याकडे पाहत बसलो, आणि काटा तसूभर हलला नाही. त्याआधी सरांनी उन्हात तापलेली पेटी बंद करू दिली नव्हती. बेचाळीस अंशांची हवा आत कोंडून ती थंड विहिरीत सोडली, तर आतला दाब विसाव्या हिश्श्याने उतरतो आणि पेटी खोल जाण्याआधीच पाणी ओढू लागते, हे त्यांनी भाच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतले.

मग पेटी बुडेना. पन्नास लिटर पाणी बाजूला सारणारी वस्तू रिकामी असताना पन्नास किलोंहून हलकी भरली, तेव्हा ती विहिरीत भोपळ्यासारखी डुलत राहिली, आणि मळेकरी आजोबांनी काठावरून ‘पाणबुडी का पाणतरी?’ अशी चौकशी केली. वाळूची दोन पोती बांधल्यावर ती सावकाश दिसेनाशी झाली. दोर तळाला टेकला तेव्हा बारा मीटर मोजला. सरांनी वहीत तारीख, वेळ, खोली आणि प्रत्येक चकतीवर सुमारे साडेआठशे किलो भार, एवढे लिहिले व घड्याळ लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी वर काढली. बाहेरून पुसली. झाकण उघडताना कोणी बोलले नाही. झाकणाच्या कडेखालचा कागद सर्वत्र स्वच्छ, पांढरा, निळीची पूड जशीच्या तशी कोरडी. सरांच्या चेहऱ्यावर समाधान उमटू लागले, तोच भाच्याने पलीकडच्या टोकाकडे बोट केले. केबल ज्या ग्लँडमधून आत येत होती तिच्या बरोबर खाली पैशाएवढा निळा डाग होता, आणि डागातून उताराकडे गेलेली करंगळीएवढी रेघ.

“ग्लँड गळाली,” सर म्हणाले.

“ग्लँड नाही,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी ग्लँडच्या कडेने बोट फिरवले; बोट कोरडे. मग केबलचे आतले टोक दोन बोटांत धरून दाबले, आणि तांब्याच्या बारीक तारांमधून एक थेंब फुगून खाली पडला. बाहेरचे, टेप गुंडाळलेले टोक रात्रभर पाण्यात होते. पाणी झाकणाच्या वाटेला गेलेच नव्हते. ते केबलच्या आवरणाच्या आतून, तारातारांमधल्या फटींतून, नळातून यावे तसे चालत आले होते. ज्या दरवाजाला सरांनी एवढा पहारा ठेवला होता तो शाबूत होता, आणि चोर दोरीच्या पोटातून आला होता.

“हे तुम्हाला ठाऊक होते?” सरांनी विचारले.

“बोअरच्या दहा मोटारी आल्या की त्यातल्या तीन-चार केबलच्या जॉइंटनंच मेलेल्या असतात की ओ.”

“मग काल बोलला का नाहीत?”

“सांगितलं असतं तर तुम्ही वहीत लिहिलं असतं. आता बघितलंत.” त्यांनी खिशातून पक्कड काढली, ग्लँडच्या आत चार बोटे अंतरावर केबल सोलली, आणि भाच्याला जवळ बसवून दाखवू लागले: तारा येथे तोडायच्या, मध्ये तांब्याचा भरीव तुकडा घालून दोन्हीकडून डाग द्यायचा, म्हणजे पाण्याची वाट त्या तुकड्यापाशी संपते, मग सगळ्यावर रेझिन ओतून एक दिवस हलवायचे नाही. मुलगा वाकून पाहत होता. सरांनी वही उघडली, कालच्या नोंदीखाली आडवी रेघ मारली आणि ‘२’ असा आकडा घातला.

मिस्त्रींचा फोन वाजला. कोणा शेतकऱ्याची मोटार सकाळीच बंद पडली होती, उसाचे पाणी अर्ध्यावर थांबले होते, आणि ते दुकानात केव्हा येणार, अशी विचारणा होती. बोटांची नीळ चिंधीला पुसत ते टेम्पोकडे निघाले, जाता जाता मागे वळून म्हणाले, “सर, तेवढं ते नायट्राइल का काय म्हणालात, ते कुठं मिळतं बघून ठेवा.”